फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या चित्रात सावली निळी-जांभळी का दिसते? काळा रंग वापरायचाच नाही का तो?

सुरुवातीला वापरायचा, नंतर नंतर जवळजवळ सोडलाच. कारण साधं आहे, उन्हातली सावली खरंच काळी नसते हो, तिच्यावर आकाशाचा निळा उजेड पडलेला असतो आणि मोनेने जे दिसलं तेच लावलं. त्याचं 'मॅगपाय' नावाचं चित्र (१८६८-६९, पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये आहे) झूम करून बघाच, बर्फावर कुंपणाची सावली पडलीय ती चक्क निळसर आहे, आणि बर्फ पण नुसता पांढरा नाही, त्यात पिवळट, गुलाबी छटा आहेत!

दुसरं म्हणजे तो रंग पॅलेटवर घोटून एकजीव करत बसायचा नाही, वेगवेगळ्या रंगांचे छोटे फटकारे शेजारी शेजारी मारायचा, कधी खालचा रंग ओला असतानाच वरून दुसरा, त्यामुळे जवळून नुसते डाग वाटतात आणि चार पावलं मागं गेलं की ऊन दिसायला लागतं. मला तर हे दरवेळी नव्यानं भारी वाटतं.

बाहेर बसून रंगवायचा म्हणून हात झपाझप चालवावा लागायचा. १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची चित्रं काढताना तर उजेड बदलला की कॅनव्हासच बदलायचा, अशी साधारण २५ चित्रं झाली. पण सगळं जागेवरच संपवायचा हा गैरसमज आहे, बरीचशी नंतर स्टुडिओत नेऊन त्यावर परत काम करायचा. आणि फ्रान्समधल्या ट्रूव्हीलच्या बीचवर १८७० मध्ये काढलेल्या एका चित्रात तर रंगात अडकलेले वाळूचे कण आजही सापडतात.