भिंत कललेली असली तरी लाट आपला कोन सोडत नाही

मिठाच्या पाण्याच्या टाकीत प्रयोग करायचा म्हणता, आणि तुमचा प्रश्न असा: आरशावरचा किरण लंबाशी जितका कोन करून येतो तितक्याच कोनात परततो, मग मिठाच्या पाण्यातली अंतर्गत लाट (पृष्ठभागावर नाही, तर कमी-जास्त घनतेच्या थरांमधून आतून चालणारी) तिरक्या तळावर हा नियम का मोडते? आणि लाटेचा व तळाचा कोन जुळला की सूत्रात अनंत कसं येतं?

लाट बाजूला ठेवा, आधी पाण्याचा एक थेंब घ्या. खाली जड, वर हलकं अशा पाण्यात थेंब सरळ वर ढकलला तर तो एका ठरावीक वारंवारतेने वरखाली होतो. हीच ब्रंट-वायसाला वारंवारता, एन. आता तोच थेंब आडव्या पातळीशी ३० अंश तिरक्या रेषेतच हलू द्या. तितक्याच अंतरात तो निम्माच वर चढतो, म्हणून परत ओढणारं बल निम्मं. त्या बलाचाही रेषेच्या दिशेतला हिस्सा निम्माच. वारंवारता बलाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणून बल पाव झालं की ती निम्मी होते. म्हणजे वारंवारता = एन × साइन (कोन). यात तरंगलांबी कुठेच येत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे! अशी लाट एका तिरक्या, अरुंद पट्ट्यातून पुढे जाते. वारंवारता ठरली की त्या पट्ट्याचा कोन ठरला, आणि तो मोजायचा आडव्या पातळीपासून, भिंतीपासून नाही.

भिंत स्थिर असल्याने ती वारंवारता बदलू शकत नाही. त्यामुळे परतणारा पट्टाही तोच कोन राखतो. बदलायला उरते ती तरंगलांबी.

समजा पट्टा ३० अंशांवर आहे आणि तळ २० अंशांनी चढत जातो. चढाच्या दिशेने खाली येणारा पट्टा तळाशी ५० अंश करतो, परत जाताना फक्त १०. साइन ५० भागिले साइन १०, म्हणजे पट्टा सुमारे ४.४ पट अरुंद. ऊर्जा तेवढीच, पण ती अरुंद पट्ट्यात कोंबली जाते आणि सरकतेही ४.४ पट सावकाश, म्हणून पाण्याचा वेग ४.४ पट वाढतो. थरांमधलं कातरण (शेजारचे थर एकमेकांवरून घसरण्याचा दर) तर १९ पटींवर जातं. उलट वाटेने आलेला पट्टा तितकाच रुंदावतो, हे पुष्कळदा सांगायचं राहून जातं. तळ ३० अंशांपेक्षा उभा केला, तर पट्टा चढावर पुढे न जाता खोल पाण्याकडे परततो.

उतार आणि पट्टा दोन्ही ३० अंशांवर आले की भागाकाराखाली शून्य येतं. तो अनंत रेषीय गणिताचा, म्हणजे लाट अगदी लहान धरणाऱ्या गणिताचा आहे. खऱ्या पाण्यात त्याआधीच श्यानता (पाण्याचं अंतर्गत घर्षण) आड येते, लाट उलथते, थर मिसळतात, दुप्पट वारंवारतेच्या लाटाही निघू शकतात. समुद्रात १२.४२ तासांच्या चांद्र भरतीच्या अंतर्गत लाटा खंडांच्या उतारांवर हेच करतात (तिथे कोनाच्या सूत्रात पृथ्वीचं परिवलनही धरावं लागतं). अशा ठिकाणच्या खळबळीमुळे गाळ टिकत नाही आणि उतारच त्या कोनाला घडत जातो, असा विचार २००२ साली सागरी भूवैज्ञानिक कॅकिओनी आणि सहकाऱ्यांनी मांडला. मला तो फार पटतो.

आता तुमच्या टाकीबद्दल. मीठ इतवारी बाजारातलं साधं चालेल. दोन बादल्यांची पद्धत वापरा: खाऱ्या बादलीतलं पाणी गोड्या पाण्याच्या बादलीत सोडायचं, ही दुसरी बादली ढवळत राहायची आणि तिचं पाणी टाकीच्या तळाशी हळू सोडायचं. ४० सेंटिमीटर खोलीत घनतेचा फरक ४ टक्के ठेवलात तर एनचा आवर्तकाल सुमारे ६.३ सेकंद येतो. ३० अंशांसाठी लाट उठवणारा आडवा दांडा पाण्यात १२.६ सेकंदांना एकदा वरखाली करा. मागे बारीक ठिपक्यांचा छापील कागद लावा, मोबाइल घट्ट बसवा आणि प्रत्येक चित्रातून स्थिर पाण्याचं चित्र वजा करा. पट्टे उठून दिसतात.

नागपूरच्या मे महिन्यात हा प्रयोग दुपारी करू नका. खिडकीतलं ऊन एका काचेवर पडलं की कडेचं पाणी तापून वर चढतं आणि तुमचे थर विस्कटतात. पहाटे करा, आणि कूलर बंद ठेवा: त्याच्या झोताने पृष्ठभाग हलतो, आणि त्याच स्टँडवर टाकी असेल तर थरथरही चित्रात उतरते. टाकीत तिरका तळ म्हणून ठेवलेली फळी आधी २० अंशांवर ठेवून रुंदीचं गुणोत्तर मोजा. ते ४.४ च्या आसपास आलं तरच फळी ३० कडे न्या, नाहीतर आधी एन पुन्हा तपासा.