घरातला सगळा लोखंडी पाइप बदलवावा का?

प्रश्न : आमचं घर दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यात आहे. पुढच्या दोन खोल्या जुन्या, मातीच्या भिंतीच्या, अन् मागचा किचन-बाथरूमचा भाग मामाजींनी १९९२ साली विटा-सिमेंटात बांधला, पाइपही तेव्हाचाच लोखंडी. सकाळी पहिली अर्धी बादली लालसर पाणी येते, किचनची तोटी पूर्ण उघडली तरी धार करंगळीएवढीच. दोन वर्षांत तीनदा लिकेज काढलं. प्लंबर म्हणतो सगळंच बदलवून टाका, मामाजी म्हणतात लोखंडासारखं मजबूत काही नाही, प्लास्टिक उन्हानं तडकते. काय करावं, अन् भिंती फोडाव्याच लागतात का?

उत्तर : ताई, मामाजींचं म्हणणं खोटं नाही, त्या काळात जीआय पाइप टाकणं म्हणजे चांगलंच काम होतं. पण तुमचं गाव खारपाणपट्ट्यात येते, पूर्णेच्या खोऱ्यातलं जमिनीतलं पाणी खारं, अन् जीआय म्हणजे शेवटी लोखंडच, वरून जस्ताचा पातळ थर. खाऱ्या पाण्यानं तो थर गेला की आतून गंज धरतो, त्यावर क्षार बसतात. मागच्या महिन्यात मी असाच अर्ध्या इंचाचा एक तुकडा कापला, बाहेरून रंग शाबूत, आत मात्र पेन्सिल कशीबशी जाईल एवढीच वाट, बाकी सगळ्या तांबूस गाठी, नखानं टोकरलं की हातात भुगा. आता आतला व्यास निम्मा झाला तर पाण्याला वाट पावपटच राहते, अन् खडबडीत झाल्यानं धार त्याहूनही कमी येते, म्हणून तुमची तोटी अशी रडते.

तरी एकदा खात्री करून घ्या. तोटीची जाळी काढून धुवा, मग टाकीच्या तोंडाजवळची लाइन खोलून तिथं बादली किती वेळात भरते ते पाहा अन् किचनमधे किती वेळ लागतो ते पाहा. टाकीजवळ भराभर अन् खाली मुतल्यासारखी धार असली तर दोष पाइपातच आहे.

अन् तसं असलं तर ठिगळं लावणं बंद करा. जुन्या पाइपाला पाना लावला की तो जोर पुढच्या सांध्यावर जातो, आज इथं नवा तुकडा टाकला तर महिन्याभरात तिथं टपटप सुरू. तुमचे तीन लिकेज तसेच झाले असतील असं मला वाटते.

नवीन काय टाकायचं? माझं मत सीपीव्हीसी, तो पिवळसर क्रीम रंगाचा प्लास्टिक पाइप. गरम पाणी ९३ डिग्रीपर्यंत सोसतो. पांढरा यूपीव्हीसी थंड्या पाण्याला ठीक, पण गिझर किंवा सोलरच्या लाइनला अजिबात लावू देऊ नका, दुकानदार स्वस्त म्हणून देते अन् तो गरमीनं मऊ पडून वाकते. हिरवा पीपीआर पण चांगलाच आहे, पण त्याचा सांधा मशीननं तापवून करावा लागतो, रात्री काही फुटलं तर खेड्यात मशीनवाला कुठून आणाल? सीपीव्हीसीला आरी अन् सोल्युशनचा, म्हणजे पाइप चिकटवायच्या डिंकाचा, डबा पुरते. तोट्या लावायच्या जागी पितळी आट्याचे फिटिंग घ्या, अन् तिथं सूत-सफेदा (आट्यावर गुंडाळायचा धागा अन् पांढरी पेस्ट) नको, टेफ्लॉन टेपच. टाकीतून उतरणारी मेन लाइन १ इंचीच ठेवा, कारण टाकी तोटीपेक्षा १० फूट उंच असली तरी प्रेशर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलोच मिळते, मेनमधेच बारीक पाइप टाकला तर नवं काम करूनही धार तशीच. बाथरूमला अन् किचनला वेगवेगळा कॉक द्या, एक बिघडलं तर सगळं घर कोरडं पडत नाही.

उन्हाचं मामाजी बरोबर बोलले. आपल्याकडं मे महिन्यात ४५ डिग्री काही नवं नाही, गच्चीवरचा उघडा प्लास्टिक पाइप उन्हानं कडक होऊन खरंच तडकतो. त्याला पाण्यात कालवायचा पांढरा पेंट द्या, ऑइल पेंट नको, त्यानं पाइप खराब होतो.

आता भिंतींचं. मातीच्या भिंतीत झिरी पाडूच नका, ताई, हे मी हात जोडून सांगतो. मी नवखा होतो तेव्हा एका घरी मालकाच्या आग्रहानं मातीच्या भिंतीत पाइप लपवला. आतला एक सांधा बारीक पाझरत होता, वरून काही दिसेना, आधी ओलाव्याचा डाग आला, मग भिंत पोटासारखी फुगली, अन् शेवटी ती अर्धी उतरवावी लागली. त्या भिंतीला टेकून पाळणा बांधलेला होता, हे आठवलं की अजूनही झोप उडते. म्हणून पुढच्या खोल्यांत पाइप भिंतीवरूनच, दर ३ फुटांवर क्लॅम्प, तोही जरा ढिला, कारण गरम झाला की पाइप लांबतो. विटांच्या भागात झिरी पाडली तर चालते, पण प्लास्टर करायच्या आधी तोट्यांच्या जागी प्लग लावून पंपानं प्रेशर टेस्ट करून घ्या, अन् सोल्युशन वाळायला पूर्ण दिवस द्या. मिस्त्री घाई करेल. करू देऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी प्लंबर सहसा बोलत नाही. जुन्या घरात इलेक्ट्रिशियन अर्थिंगची तार सरळ नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळून द्यायचे, पाइप जमिनीत गेलेला म्हणून काम भागायचं. पाइप काढून प्लास्टिक टाकलं की ती अर्थिंग गेली, घरात कोणाला कळतही नाही, अन् पुढं मोटरच्या बॉडीत करंट उतरला तर ओल्या हातानं मोटरला हात लावणाऱ्याला झटका बसतो. म्हणून आरी लावायच्या आधी मेन स्विच बंद करा, मीटरपासूनची तार कुठं जाते ते वायरमनकडून पाहून घ्या, अन् तशी निघाली तर आधी वेगळा अर्थिंगचा खड्डा करा, मगच पाइपाला हात लावा.

पाणी मात्र खारंच राहील हं, पाइपानं त्याची चव बदलत नाही, लाली तेवढी जाईल.

प्रश्न : वणी तालुक्यात आमची काळी जमीन आहे, रस्त्यापासून घरापर्यंतची गाडलेली लाइन दर उन्हाळ्यात एकाच जागी तुटते. कायले होत असन?

उत्तर : भाऊ, काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, कडक पाइपाला ती ओढून तोडते. नालीत खाली-वर चार-सहा इंच वाळू भरा, अन् तिथं काळा एचडीपीई पाइप टाका, तो लवचिक असतो, सांधे कमी लागतात. नाली दोन फूट तरी खोल खोदा, वरून ट्रॅक्टर जात असन तर आणखी.