‘पगार होईपर्यंत थांबले तर चालेल का?’

प्रश्न : डॉक्टर, आमची कुत्री चिमी साडेसात वर्षांची आहे, वजन 18 किलो. तिचं नसबंदीचं ऑपरेशन केलेलं नाही, पिल्लंही कधी झाली नाहीत. सहा आठवड्यांपूर्वी तिची हीट (माजाचा काळ) संपली. गेले पाच दिवस ती खूप पाणी पितेय, रात्री दोन-तीनदा बाहेर न्यावं लागतं. जेवण हुंगते आणि बाजूला होते. परवापासून मागची बाजू सारखी चाटतेय, तिच्या गादीवर तपकिरी, घाण वासाचे डाग दिसले. काल ते थोडे कमी वाटले. मुलाची फी नुकतीच भरली, पगाराला अजून नऊ दिवस आहेत. गेल्या वर्षी तिच्या कातडीच्या त्रासासाठी गेलो तेव्हा बिल बघून माझे हातपाय गळाले होते. नऊ दिवस थांबले तर चालेल का? तोवर घरी काही देता येईल का? आणि पैसे नाहीत हे डॉक्टरांना सांगायचं कसं?

उत्तर : (हे उत्तर पत्र आलं त्याच दिवशी दुपारी पाठवलं होतं. ताईंच्या परवानगीने जसंच्या तसं छापत आहोत.)

ताई, थांबू नका. हे वाचून झालं की दवाखान्यात फोन करा आणि आजच चिमीला घेऊन जा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला पायोमेट्राची, म्हणजे गर्भपिशवीत पू होण्याची दाट शंका येते. पक्कं निदान तपासल्यावरच होईल. पण वय, न झालेली नसबंदी, नुकतीच संपलेली हीट, वाढलेली तहान आणि तो वास, हे सगळं एका मादीत एकत्र दिसलं की मी दुसरं काही सिद्ध होईपर्यंत पायोमेट्राच धरून चालते.

हे होतं कसं, ते थोडं सांगते, म्हणजे नऊ दिवस का नाहीत ते कळेल. हीट संपल्यावर मादी गाभण असो वा नसो, तिच्या अंगात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन साधारण दोन महिने वाढलेलं राहतं. त्याने गर्भपिशवीचं अस्तर जाड होतं, आत स्राव साठतो आणि पिशवीची जंतूंशी लढायची ताकद कमी होते. हीटच्या काळात गर्भपिशवीचं तोंड उघडं असताना जंतू वर गेलेले असतात, बहुतेक वेळा ई. कोलाय, त्यांना आयती उबदार जागा मिळते. या जंतूंचं विष रक्तात उतरलं की मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही. म्हणून चिमीला सारखी लघवी होते, आणि गेलेलं पाणी भरून काढायला ती सारखी पिते. रात्री गादी ओली होते म्हणून कोणी पाणी उचलून ठेवायला सांगितलं तर ऐकू नका. पाणी तिच्यासमोर राहू द्या.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीने मला लगेच लिहायला बसवलं ती. डाग काल कमी वाटले, असं तुम्ही लिहिलंय, आणि त्यात तुम्हाला थोडा दिलासा वाटला असणार. या दुखण्यात डाग कमी होणं ही चांगली खूण धरता येत नाही. गर्भपिशवीचं तोंड मिटलं की पू बाहेर यायचा थांबतो आणि आत साठत राहतो. पिशवी फुगते, कधी फुटते, आणि फुटली नाही तरी विष रक्तात भिनतंच. बाहेर काहीच दिसत नाही आणि मादी मात्र मलूल होत जाते. अशा कितीतरी माद्या माझ्याकडे ‘काल बरी होती’ म्हणून आल्या आहेत.

निघण्यापूर्वी दोन मिनिटं एवढं बघा. वरचा ओठ उचला आणि हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी फिकी, विटकरी किंवा चिकट लागली, पोट तट्ट वाटलं, उलट्या सुरू झाल्या किंवा चालताना मागचे पाय लटपटले, तर फोनवर तेच सगळ्यात आधी सांगा. ताप नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं, आणि पायोमेट्रात ते अगदी तेवढंच भरू शकतं. त्याहून खाली गेलं तर जास्त काळजीचं. पोट दाबून बघू नका.

घरी द्यायचं म्हणाल तर काहीही नको. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक नको, ‘गर्भपिशवी साफ करणारं’ औषध नको, टॉनिकही नको. साठलेला पू नुसत्या अँटिबायोटिकने जात नाही, चार दिवस बरं वाटल्याचा भास मात्र होतो, आणि त्या चार दिवसांची किंमत फार पडते.

आता पैशांचं. ताई, मला हे तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचंय, कारण यात माझ्याही हातून एकदा चूक झाली आहे.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक आजोबा त्यांची कुत्री घेऊन आले. हेच दुखणं. मी तपासलं आणि चांगल्यातले चांगले उपचार करायचे म्हणून एका कागदावर सगळं लिहिलं: सगळ्या रक्त तपासण्या, एक्स-रे, सोनोग्राफी, कल्चर, ऑपरेशन, तीन दिवसांचं ॲडमिशन. खाली बेरीज केली आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नीट वाचला, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला, म्हणाले, ‘उद्या आणतो तिला.’ ते आले सहाव्या दिवशी, कुत्रीला चादरीत गुंडाळून. खिशातून तोच कागद काढला, घड्यांवर झिजला होता. म्हणाले, ‘यातलं अर्धं जमलंय.’ पहिल्या दिवशी त्या अर्ध्यात तिचं ऑपरेशन झालं असतं. सहाव्या दिवशी पूर्ण रकमेतही मी तिला वाचवू शकले नाही. तुमच्याकडे किती आहेत, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांना वाटलं, हे सगळं किंवा काहीच नाही.

तेव्हापासून मी कागदावर मधोमध रेघ मारते. डावीकडे ‘आज लागणारच’, उजवीकडे ‘थांबू शकतं’. तुम्ही अशीच रेघ मारून मागा. चिमीच्या बाबतीत डावीकडे साधारण हे येईल: तपासणी, सोनोग्राफी, रक्तपेशी, मूत्रपिंड आणि साखर एवढ्या मूळ तपासण्या, सलाईन, अँटिबायोटिक, दुखणं कमी करायचं औषध, आणि भूल देऊन गर्भपिशवी व अंडाशयं काढण्याचं ऑपरेशन. उजवीकडे दात साफ करणं, कातडीच्या तपासण्या, काढलेल्या पिशवीची लॅब तपासणी. सलाईन आणि भुलेच्या वेळच्या देखरेखीत मात्र काटकसर मागू नका. पैसे वाचवायचे ते यादीतून, तिच्या सुरक्षिततेतून नाही.

सांगायचं कसं, असं विचारलंत. फोनवरच, पहिल्या दोन वाक्यांत सांगा: ‘मादीला पायोमेट्रा असेल असं वाटतंय, आज आणते आहे. माझ्याकडे आत्ता एवढे पैसे आहेत, बाकीचे पगार झाल्यावर अमुक तारखेला देऊ शकते. तुमच्याकडे हप्त्यांची सोय आहे का?’ रक्कम आणि तारीख, दोन्ही सांगा. ‘थोडी अडचण आहे’ म्हटलं की समोरच्याला काही ठरवता येत नाही. हे बोलणं ऑपरेशनच्या आधीच व्हायला हवं. नंतर बिलाच्या काउंटरवर उभं राहून बोलणं तुम्हालाही जड जातं आणि डॉक्टरांच्या हातातही तेव्हा फारसं काही उरलेलं नसतं. दवाखान्यात प्रत्येक तपासणीच्या वेळी एक प्रश्न विचारा: ‘हिचा रिपोर्ट काहीही आला तरी उपचार तेच राहणार आहेत का?’ उत्तर ‘हो’ असेल तर ती तपासणी आज वगळता येईल का, ते शांतपणे बोलता येतं. हा प्रश्न विचारल्याचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. अंदाजपत्रक लिहून घ्या, कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन आकड्यांचं.

तिथे जमलं नाही, तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फोन लावा. तिथे शिकणारे विद्यार्थी अनुभवी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च बहुधा कमी येतो, थांबावं मात्र जास्त लागतं. म्हणून इमर्जन्सी आहे हे आधी सांगा. प्राणिमित्र संस्थांचे दवाखाने असतात, त्यांनाही विचारा. नातलगांकडे मागायचे झाले तर अंदाजपत्रकाचा फोटो पाठवून मागा, माणसं नेमक्या रकमेला लवकर हो म्हणतात. आणि हे सगळं दिवसाउजेडी करा, कारण रात्रीच्या इमर्जन्सीचं बिल बहुतेक ठिकाणी वेगळंच असतं.

कोणी कदाचित इंजेक्शनांनी पिशवी रिकामी करायचा पर्याय सुचवेल. तो पिल्लं हवी असलेल्या, तरुण आणि तब्येतीने स्थिर मादीसाठी असतो. त्यात फेऱ्या होतात, पुन्हा पुन्हा सोनोग्राफी लागते आणि पुढच्या हीटनंतर दुखणं परतू शकतं. चिमीसाठी तो स्वस्त ठरणार नाही. विमा आत्ता घेतलात तर चालू असलेलं दुखणं त्यात धरणार नाहीत, तो विचार नंतर.

एक गोष्ट लिहायला जड जातेय, पण लिहिते. कुठूनच काही जमलं नाही, तरी तिला घरी ठेवून वाट बघू नका. डॉक्टरांकडे न्या आणि तसं सांगा. वेदना कमी करता येतात, आणि अगदीच काही हाती नसेल तर तिला शांतपणे निरोप देता येतो. त्यासाठी कोणी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. पण आज, डाग दिसल्यापासून तिसऱ्या दिवशी, ती वेळ बहुतेक आलेली नाही.

सोबत जुनी फाइल घ्या, हीटची तारीख लिहून घ्या, त्या डागांचा फोटो काढा. भूल द्यावी लागेल म्हणून आता काही खायला घालायचं की नाही, ते फोनवर विचारा.

(ताईंचा नंतरचा निरोप : चिमीला त्याच संध्याकाळी सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. ताईंनी रक्कम आणि तारीख फोनवरच सांगितली होती. डॉक्टरांनी दोन तपासण्या वगळल्या आणि उरलेली रक्कम तीन हप्त्यांत करून दिली. टाके बाराव्या दिवशी निघाले. रात्री पाणी मागणं थांबलंय.)

प्रश्न : माझा कुत्रा दोन दिवस मागच्या पायाने किंचित लंगडतोय. खातो-पितो नीट, पायही टेकवतो. घरात माणसांची वेदनाशामक गोळी आहे. ती अर्धी दिली तर दवाखान्याचा खर्च वाचेल का?

उत्तर : देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृतावर आणि तांबड्या पेशींवर घाव घालतं. मग लंगडण्याऐवजी विषबाधेचे उपचार करावे लागतात, आणि ते कैकपट महाग असतात. आधी पंजाच्या बोटांमध्ये काटा, काच, तुटलेलं नख आहे का ते उजेडात बघा. उड्या आणि जिने बंद, बाहेर फक्त पट्ट्याने आणि तेवढ्यापुरतं. तो खातोय, पाय टेकवतोय, तर आणखी एक-दोन दिवस अशी विश्रांती देऊन बघायला हरकत नाही. पाय उचलूनच धरला, सूज आली, हात लावू देईना किंवा खाणं सोडलं, तर त्याच दिवशी न्या. आणि गोळी आधीच दिली असेल तर संकोच न करता सांगा. पाकीट सोबत न्या, किती आणि किती वाजता दिली ते सांगा, कारण त्यावर कुत्र्यांची वेदनाशामक गोळी लगेच देता येत नाही.