पाहुण्यांच्या खोल्यांनी विम्याचा हप्ता का भरावा?

गुहागरच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे वय 64, पत्नीचे 61, आणि मुलगा पुण्यात नोकरीला आहे. राहत्या घराच्या मागच्या बाजूला 12 लाख रुपये खर्चून दोन खोल्या बांधाव्यात आणि त्या पर्यटकांना द्याव्यात, असा त्यांचा बेत आहे. त्यासाठी मुदत ठेव मोडावी, की पत्नीच्या नावे पर्यटन संचालनालयाच्या ‘आई’ धोरणातून कर्ज काढावे, एवढेच त्यांनी विचारले आहे. ठेवी 34 लाखांच्या, पेन्शन महिना 3 हजार आणि घरखर्च महिना 28 हजार आहे. पत्राच्या शेवटी ते लिहितात, ‘दोन वर्षांपूर्वी बँकेतून घेतलेल्या गॅरंटीड इन्कम पॉलिसीचा वर्षाचा 3 लाखांचा हप्ता पुढे खोल्यांच्या उत्पन्नातून भागेल.’

तुमचा प्रश्न खोल्यांचा असला, तरी खरे दुखणे या शेवटच्या वाक्यात आहे. दहा वर्षे 3 लाख भरायचे आणि तुमच्या वयाच्या 74व्या वर्षापासून पंधरा वर्षे 4 लाख 20 हजार घ्यायचे, अशी ही पॉलिसी आहे. ‘30 लाखांचे 63 लाख’ हे वाक्य ऐकायला गोड लागते. पण पैसे किती वर्षे अडकतात हे हिशेबात धरले, तर परतावा साडेपाच टक्क्यांच्याही आत येतो. निवृत्त माणसाला उत्पन्न आज लागते. त्याच्या ठेवी मोडून त्याला बारा वर्षांनंतरचे उत्पन्न विकणे हा सल्ला नव्हे, ही फसगत आहे. पॉलिसीचे पैसे करमुक्त मिळतील, हे सांगण्यातही तुमच्यासाठी काही अर्थ नव्हता, कारण नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर आज कर लागतच नाही.

आता खोल्यांकडे येऊ. तुम्ही वर्षाला 6 लाखांची आशा धरली आहे, म्हणजे दोन्ही खोल्या प्रत्येकी 150 रात्री 2 हजारांनी भरतील असे मानले आहे. गुहागरला दिवाळीची सुटी, नाताळ, मे महिना आणि जोडून येणाऱ्या सुट्या सोडल्या, तर शनिवार-रविवारचाच धंदा आहे आणि पावसाळ्यात तोही आटतो. मी खोलीमागे 80 रात्री धरतो. त्यातून 3 लाख 20 हजार येतील आणि बुकिंगचे कमिशन, वीज, धुलाई, डागडुजी व कामाच्या बाईचा पगार यांत निम्मे जातील. पत्नीचे गुडघे दुखतात असे तुम्हीच लिहिले आहे, त्यामुळे बाईचा पगार वगळून हिशेब मांडू नका. हाती राहतील 1 लाख 60 हजार.

ठेवीतून 12 लाख काढल्यास उरलेल्या 22 लाखांचे व्याज, पेन्शन आणि खोल्यांचे उत्पन्न मिळून वर्षाला साडेतीन लाखांच्या आतबाहेर जमतील, तर घरखर्च आणि हप्ता मिळून 6 लाख 36 हजार लागतील. महागाई धरली नाही, तरी सहा-साडेसहा वर्षांत ठेवी संपतील आणि तेव्हाही हप्ते शिल्लक असतील.

म्हणून तिसरा हप्ता भरू नका. दोन वर्षांचे पूर्ण हप्ते गेले असल्याने पॉलिसी बहुधा पेड-अप करता येईल, म्हणजे पुढे काही न भरता 74व्या वर्षापासून सुमारे पाचवा हिस्सा, वर्षाला 80-84 हजार, मिळत राहील. त्याची आजची किंमत साडेतीन लाखांच्या आसपास होते. सरेंडर केल्यावर, म्हणजे पॉलिसी बंद करून पैसे परत मागितल्यावर, कंपनी याहून कमी देत असेल, आणि बहुधा बरेच कमी देईल, तर पेड-अपच करा. उरलेले हप्ते भरत राहिलात, तर त्या 24 लाखांवरही सहा टक्के सुटणार नाहीत. ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या 8.2 टक्के देते आणि व्याज दर तिमाहीला खात्यात जमा होते.

34 लाखांपैकी 26 लाख दोघांच्या नावे त्या योजनेत ठेवा, 4 लाख दवाखान्यासाठी मुदत ठेवीत राहू द्या आणि 4 लाखांत एकच खोली करा. योजनेचे 2 लाख 13 हजार, ठेवीचे 27 हजार, पेन्शनचे 36 हजार आणि खोलीचे 80 हजार मिळून घरखर्च निघतो. गुहागरच्या व्याडेश्वराला कुलदैवत म्हणून येणारी कुटुंबे आडदिवशीही येतात आणि त्यांच्यात वयस्कर माणसे असतात. त्यांना कमोड, न घसरणारी फरशी, धरायला दांडी आणि पहाटे आंघोळीला गरम पाणी हवे असते. पैसे तिथे घाला, वातानुकूलन यंत्राचे नंतर पाहा.

‘आई’ धोरण चांगले आहे. महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर 12 टक्क्यांपर्यंतचे व्याज सरकार परत करते, कमाल साडेचार लाख किंवा सात वर्षे, यांपैकी जे आधी होईल तोवर. मात्र परतावा व्याजाचा आहे, मुद्दल तुम्हालाच फेडायचे आहे, आणि जुलै महिन्यात पाहुणा नसला तरी बँकेचा हप्ता चुकत नाही. 10 लाख सात वर्षांसाठी घेतले, तर व्याज पूर्ण परत मिळूनही वर्षाला 1 लाख 43 हजार मुद्दल जाईल, म्हणजे दोन खोल्यांची जवळजवळ सगळी कमाई. पहिल्या खोलीची निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करा, दोन हंगामांचा जमाखर्च वहीत लिहा, आणि आकडे बरे दिसले तर दुसऱ्या खोलीसाठी पत्नीच्या नावे अर्ज करा. त्या वयात बँक कर्जाची मुदत कमी ठेवण्याची किंवा मुलाला सहकर्जदार करण्याची अट घालू शकते, म्हणून त्याच्याशी आधी बोलून घ्या.

या आठवड्यात दोन कामे करा. बँकेत जाऊन हप्त्याची ऑटो-डेबिट सूचना लेखी रद्द करा आणि पोच घ्या. आणि विमा कंपनीकडून सरेंडर व पेड-अपचे आकडे लेखी मागवा. विक्रीच्या वेळी तुम्हाला एखादा कागद किंवा मेसेज दिला गेला असेल, तर तो जोडून कंपनीकडे तक्रारही नोंदवा. तिने दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जाण्याचा मार्ग मोकळा आहे आणि त्याला शुल्क लागत नाही.