पशुवैद्यक बाईला घर आणि प्रॅक्टिस दोन्ही जमतं का?

तुम्ही लिहिलंय, शेवटच्या वर्षाला आहात, मोठ्या जनावरांची प्रॅक्टिस करायचीय आणि घरचे म्हणतात मूलबाळ झालं की हे बंद करावं लागेल. मी 22 वर्षं गाई-म्हशीच बघतेय. सहसा उत्तरं लिहीत नाही, पण "घरचे म्हणतात" वाचलं आणि राहवेना.

मुलगी चार वर्षांची होती. दुपारी फोन आला, काल व्यालेली गाय बसलीय, उठेना. जाऊन बघते तर दुग्धज्वर, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं तो आजार. मान वळवून कुशीवर टाकलेली, कान गार, नाकपुड्या कोरड्या, पोट फुगायला लागलेलं. मानेच्या शिरेत सुई घातली, कॅल्शियमची बाटली मालकाच्या हातात दिली आणि स्टेथोस्कोप लावून खाली बसले. ही बाटली घाईने सोडता येत नाही. भरभर गेलं तर हृदयच बंद पडतं. ठोका चुकला की बाटली खाली, सावरला की वर. पंधरा-वीस मिनिटं जातातच. तेवढ्यात खिशातला फोन चार वेळा थरथरला. उचलला नाही, कानात ठोके होते.

गाईच्या अंगाला कंप सुटला, तिने ढेकर दिली, शेण टाकलं. अर्ध्या तासात उभी! मग फोन बघितला. मुलगी पायरीवरून पडली होती, हनुवटी फाटली होती, दिरांनी तीन टाके घातले होते. दीर माणसांचे डॉक्टर. मी घरी पोचले तेव्हा ती त्यांच्या मांडीवर झोपली होती, आणि सगळ्यांसमोर ते म्हणाले, "वहिनी, गाईला आई मिळाली, पोरीला नाही मिळाली."

तेव्हा मी गप्प बसले. पुढे हेच भावजी घरचं कार्य चालू असताना ताटावरून उठून पेशंटकडे धावले, तर सासूबाईंनी "किती जीव लावतो कामाला" म्हणत ताट झाकून ठेवलं. माझं ताट कोणी झाकल्याचं आठवत नाही. तुमच्या घरच्यांना हे विचारा: घरात डॉक्टर मुलगा असता तर त्यालाही हेच म्हणाला असतात का?

बाकी जमवायचं म्हणाल तर रात्रीचे फोन एकटीने घेऊ नका. जवळच्या दुसऱ्या पशुवैद्यकाशी रात्री वाटून घ्या. दुसऱ्याकडे गेलेला गिऱ्हाईक परत येत नाही ही भीती खोटी आहे, आणि आला नाही तर नाही आला. गरोदरपणात प्रोस्टाग्लँडिनच्या इंजेक्शनला (गाईला माजावर आणायला देतात ते, त्याने बाईचाही गर्भ पडू शकतो) हात लावू नका, ते कातडीतूनही शोषलं जातं. ब्रुसेलाची (गाई गाभडवणारा, माणसालाही लागणारा जंतू) लस आणि गाभडलेल्या गाईची वार काढणं तर सरळ दुसऱ्याला द्या. इथे शौर्य दाखवायचं नाही. आणि लग्न ठरवताना पगार नंतर विचारा, रात्री दोनला मूल रडलं तर कोण उठणार ते आधी.

हे सगळं माझ्या प्रॅक्टिसपुरतं. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात वेळा बऱ्यापैकी पाळता येतात, नोकरीचं गणित वेगळं. शिवाय माझा नवरा घर सांभाळतो, ते नसतं तर मी इतक्या ताठ्याने लिहिलं असतं का, माहीत नाही.

मागच्या वर्षी रात्री भावजींचाच फोन. त्यांच्या मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलेलं, नुसता ओकाऱ्या काढतोय, बाहेर काही पडत नाही. जठराला पीळ पडलाय हे फोनवरच कळलं. सर्जनला उठवलं, मी जाऊन आधी सुईने हवा काढली, मग आम्ही त्याला टेबलवर नेलं. कुत्रा वाचला. ते वाक्य मात्र भावजींनी अजून मागे घेतलेलं नाही.