दारू न पिणाऱ्या माणसालाही रक्ताची उलटी होते का? कारणं आणि लक्षणं काय?

होते. आमच्या तासगाव भागात मात्र रक्ताची उलटी म्हटली की लोक आधी बाटली शोधतात.

माझे वडील माळकरी, चहाशिवाय व्यसन नाही. द्राक्षबागेत राबून गुडघे गेलेले. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणायची, पहाटे नुसत्या चहाबरोबर घ्यायची आणि बागेत जायचं, वर्षानुवर्षं हेच. छाटणीच्या दिवसांत संध्याकाळीही एक. एका सकाळी मोरीत उलटी झाली. लाल नव्हती, चहाच्या चोथ्यासारखी काळपट आणि कणीदार. तेही रक्तच, पोटात काळं पडलेलं. चुलते म्हणाले, "उष्णता झालीय, थंड दूध द्या." आधीपासून संडासला काळी, चिकट, उग्र वासाची होत होती, पण वडील बोलले नव्हते. कपाळाला हात लावला तर गार घाम. तडक मिरज गाठलं. दुर्बिणीतून जठरात अल्सर, म्हणजे जखम, दिसला, रक्तस्राव तिथंच थांबवला, रक्तही चढवावं लागलं.

घरी आणल्यावर चुलतेच पाहुण्यांसमोर म्हणाले, "चोरून घेत असणार." गळ्यात माळ असलेल्या माणसानं हे मान खाली घालून ऐकलं.

दारूनं लिव्हर खराब होऊन अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, फुटतात, हे खरंच. पण हिपॅटायटिस बी, सी आणि फॅटी लिव्हरनंही तेच होऊ शकतं. शिवाय सगळ्यात जास्त आढळणारं कारण अल्सर, आणि तो मुख्यतः अशा दुखण्याच्या गोळ्यांनी किंवा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूनं होतो. हा जंतू शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं, तरी आमच्याकडं अजून तिखटालाच दोष देतात. जोरजोरात उलट्या होऊन अन्ननलिकेला चीर पडली तरी रक्त येतं. क्वचित कॅन्सरही निघतो.

उलटीत रक्त दिसलं की दवाखाना गाठायचाच. त्यात चक्कर, गार घाम, धडधड किंवा काळी संडास असेल तर लगेच १०८ ला फोन करा. कुशीवर झोपवा. तोंडानं काही देऊ नका, दूधसुद्धा नाही. आणि पेशंटसमोर दारूची चौकशी डॉक्टरांनी करावी, भावकीनं नाही. रिपोर्ट दाखवूनही चुलत्यांनी शब्द मागे घेतलेला नाही. तो त्यांनी वडिलांसमोर येऊन घ्यायला हवा.

एक राहिलं: हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हे वाचून मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.