हरणाच्या शिकारीसाठी रायफलचा नेम कसा सुधारावा?

तुम्ही लिहिलंय की मुक्काम अमेरिकेत, विस्कॉन्सिनला, नोव्हेंबरात पहिलीच शिकार, रेंजवर बेंचवरून 100 यार्डांवर इंचभर ग्रुप येतो (म्हणजे सगळ्या गोळ्या इंचभराच्या जागेत बसतात), आता 300 यार्डांवर नेम बसायला सराव कसा करू. तो इंचभर ग्रुप रायफलचा आहे हो, तुमचा नाही. रायफल वाळूच्या पिशवीवर, कोपर टेबलावर, बुड स्टुलावर. जंगलात यातलं काय असणार आहे?

हा वाद आमच्या घरात जुना आहे. आमचे साडू वयाने मोठे, पगाराने त्याहून मोठे, आणि त्यांच्याकडे .300 विन्चेस्टर मॅग्नम, म्हणजे मोठ्या काडतुसाची, जोरात धक्का देणारी रायफल. वरचा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, रायफलीपेक्षा महाग. एका सीझनला त्यांनी हरणाच्या मादीवर गोळी टाकली ती मागे पोटात बसली. बर्फात रक्ताचे थेंब शोधत आम्ही रात्र पडेपर्यंत फिरलो. सापडली दुसऱ्या दिवशी. मांस फुकट गेलं, पण मला डाचलं ते त्या जनावराने काढलेल्या रात्रीचं. साडूंचा निष्कर्ष तयार होता: "स्कोप हलला असणार."

म्हटलं चला, रेंजवर बघू. साडूंनी बेंचवरून तीन गोळ्या मारल्या, तिन्ही एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा. म्हणजे स्कोपचा विषय मिटला. मग म्हटलं, आता शिकारीचं जाड जॅकेट घाला, बेंच सोडा आणि गुडघ्यावर बसा. समोर जेवणाची कागदी ताटली लावली. हरणाचं हृदय आणि फुफ्फुसं मिळून साधारण आठ इंचांची जागा, ताटली त्याहून थोडी मोठीच. काडतूस मी भरून देत होतो, कधी खरं, कधी डमी, म्हणजे न उडणारं. डमीवर ट्रिगर दाबला की धक्का बसायचं कारणच नाही, तरी नळी खचकन खाली जायची आणि डोळे मिटायचे. खऱ्या गोळ्यांनी ताटलीची कड तेवढी कुरतडली. शेजारच्या बेंचवरचे आजोबा नाकातल्या नाकात हसले. साडू काय म्हणाले? "डमी आहे हे तू आधी सांगायला हवं होतंस."

धक्क्याची ही भीती मोठ्या काडतुसाने वाढते आणि आणखी गोळ्या झाडून पक्की होते. म्हणून मॅग्नम घरी ठेवा. .22 ची छोटी रायफल घ्या, जमल्यास तुमच्या रायफलीसारख्याच बोल्टची (काडतूस भरायच्या दांड्याची). गोळी स्वस्त, धक्का नाही, चूक लगेच दिसते. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये आमचे हवालदार .22 च्या नळीवर नाणं ठेवायचे. "ट्रिगर खींचना नहीं, दबाना है." नाणं पडलं की मैदानाला फेरी. तेच घरी करा, रिकाम्या रायफलीने, रोज थोडा वेळ, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. सेंटरफायर रायफलीला (जिची पिन काडतुसाच्या मधोमध आपटते) बहुधा काही होत नाही, .22 ला मात्र स्नॅपकॅप, म्हणजे सरावाचं खोटं काडतूस, घाला, नाहीतर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते.

बसून, गुडघ्यावर, उभ्याने, झाडाला टेकून, दोन काठ्यांच्या आधाराने, सगळं करून बघा. नेम धरा, डोळे मिटा, श्वास सोडा, उघडा. क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) सरकलेला दिसला तर हाताने ओढून आणू नका, अख्खं शरीर फिरवा. आणि रेंजवर गेल्यावर थंड नळीची पहिली गोळी वेगळ्या कागदावर मारून तारीख घालून ठेवा. हरीण तुम्हाला तीन गोळ्यांचा ग्रुप मारू देत नाही.

साडूंना हे सांगितलं की म्हणतात, ते ऑलिम्पिकवाल्यांचं, आपलं जंगल वेगळं. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं ते 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये: गुडघ्यावर, पालथं आणि उभं. दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर, आणि रायफल .22 च. बेंच कुठेच नाही. जंगल वेगळं आहे हे मान्य, पण जंगलात बेंच असतो का, एवढंच सांगा.

तुमच्या 300 यार्डांचं म्हणाल तर माझं मत, विचार सोडा. गुडघ्यावरून 100 वर चार इंच ग्रुप येत असेल तर 300 वर तो बारा इंच होतो, म्हणजे आठ इंचांच्या बाहेर. त्यात .308 काडतुसाची 150 ग्रेन वजनाची गोळी, 200 वर झीरो केलेली (म्हणजे स्कोप 200 यार्डांवर नेमका बसेल असा लावलेला), 300 पर्यंत आठ-नऊ इंच खाली येते आणि ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला सहा-सात इंच सरकवतो. ज्या अंतरावर बेंचशिवाय प्रत्येक गोळी ताटलीत जाते, तेच तुमचं अंतर. पश्चिमेकडे मोकळ्या माळावर एल्क (मोठ्या जातीचं हरीण) मारणाऱ्यांना लांबून मारावं लागतं, त्यांची गोष्ट निराळी. आणि बेंच अगदीच निरुपयोगी नाही, झीरो तिथेच करायचं.

बाकी: .22 रिमफायर (जिची पिन काडतुसाच्या कडेवर आपटते ती) फक्त सरावाला, हरणावर ती विस्कॉन्सिनमध्ये कायद्याने चालत नाही. 1 जानेवारी 1973 ला किंवा नंतर जन्मला असाल तर हंटर एज्युकेशन कोर्स लागतो. एच-1बी वर असाल तर आधी हंटिंग लायसन्स काढा, त्याशिवाय बंदूक जवळ बाळगणं फेडरल कायद्यात बसत नाही. आणि सुट्टीत गावी गेल्यावर उसात डुक्कर शिरलं म्हणून कोणी बंदूक पुढे केली तर हात लावू नका, तिथे 1972 चा वन्यजीव कायदा आहे.